नाक आणि कान : साठीत नवी लिपी शिकताना

पेशवाईतल्या एखाद्या मोडी पत्राची छायाप्रत समोर घ्या. भाषा मराठीच आहे. त्यातले निम्म्याहून अधिक शब्द आजही घरात वापरले जातात. तरीही डोळ्यांना काही सापडत नाही. शिरोरेषा कागदभर आधीच ओढून ठेवलेली, तिला अक्षरं टांगलेली, दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि ओळ संपली की शब्द असेल तिथे तुटलेला. महिनाभर वर्गात जाऊन मुळाक्षरं गिरवून आलेला, मराठीत हजारो पानं वाचलेला माणूस या कागदावर बोट ठेवतो आणि ‘रा… ज… मा…’ करत पुढे सरकतो. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत ओळीची सुरुवात डोक्यातून गेलेली असते.

साक्षरता वर्गात पहिल्यांदा पाटी हातात घेणाऱ्या साठीच्या बाईची अवस्था नेमकी हीच असते. फरक इतकाच, की मोडीच्या वर्गातला निवृत्त माणूस म्हणतो, ‘लिपी अवघड आहे.’ आणि ती बाई म्हणते, ‘माझ्याच डोक्यात काही शिरत नाही.’ तिचं हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं आहे हे आज बरंचसं सांगता येतं.

माणूस बोलतोय त्याला किती लाख वर्षं झाली यावर वाद आहेत. लिहितोय त्याला जेमतेम पाच हजार झाली. मेंदूत बोलण्यासाठी जन्मजात तयारी असते, तशी वाचण्यासाठी असायला वेळच मिळालेला नाही. वाचन ही प्रत्येक मेंदूला नव्याने बसवावी लागणारी गोष्ट आहे. ती कुठे बसते याचा पहिला ठळक पुरावा एका आजारपणातून मिळाला. १८८७ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधल्या एका सुशिक्षित गृहस्थाला अचानक एकही अक्षर वाचता येईना. बोलणं शाबूत होतं, माणसं आणि वस्तू ओळखता येत होत्या, लिहितासुद्धा येत होतं. मात्र स्वतः लिहिलेला मजकूर पुन्हा समोर धरला की तो त्यांना वाचता येत नसे. अक्षराच्या वळणावरून बोट फिरवलं तर ते ओळखू येई; नुसतं पाहून नाही. ज्यूल देजरीन या डॉक्टरांनी १८९२ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध केली. इजा होती डाव्या मेंदूच्या मागच्या भागात.

डाव्या कानाच्या मागे, मेंदूच्या तळाकडच्या बाजूला एक छोटा पट्टा आहे. निरक्षर माणसात तो चेहरे, वस्तू, आकृत्या पाहण्याच्या कामात असतो. वाचायला शिकलं की तोच भाग अक्षरांना प्रतिसाद देऊ लागतो. लिपी रोमन असो, चिनी असो की देवनागरी, जागा जवळपास तीच. स्तानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. त्यात १० जण निरक्षर होते, ३१ जण लहानपणी शाळेत गेलेले, आणि २२ जण मोठेपणी वाचायला शिकलेले. या २२ जणांमध्येही तो पट्टा अक्षरांसाठी कामाला लागलेला दिसला, आणि ज्याचं वाचन जितकं वेगवान तितका प्रतिसाद अधिक. म्हणजे दार मोठेपणी बंद होत नाही.

देवनागरीपुरता पुरावा हवा असेल तर तो लखनौजवळच्या खेड्यांतून आला. तिथल्या निरक्षर, बहुतेक तिशीतल्या २१ जणांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं गेलं, आणखी ९ जणांना तेवढ्या काळात काही शिकवलं नाही. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. सहा महिन्यांत शिकणाऱ्यांची मजल साधारण पहिलीच्या मुलाइतकी गेली. पण मेंदूतला बदल फक्त वरच्या थरात नव्हता. नजर कुठे वळवायची हे ठरवण्यात ज्यांचा हात असतो ते मेंदूच्या खोलवरचे भाग, म्हणजे मेंदूस्तंभातला आणि थॅलॅमसमधला एकेक भाग, पाहण्याच्या केंद्राशी अधिक घट्ट जोडले गेले होते. माणसं मोजकी होती, त्यामुळे या एका अभ्यासावर फार मोठं घर बांधू नये. पण एक गोष्ट पटते: वाचायला शिकणं हे नुसतं अक्षरं पाठ करणं नव्हे, डोळ्याला नवी चाल लावणं आहे.

आणि देवनागरीत ही चाल सरळ नाही.

‘किनारा’ हा शब्द घ्या. कानाला आधी क् ऐकू येतो, मग इ. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. ‘कुत्रा’मध्ये उकार खाली. ‘केळी’मध्ये मात्रा वर. ‘को’ म्हणताना काना उजवीकडे आणि मात्रा त्याच्या डोक्यावर. रोमन लिपीचा डोळा डावीकडून उजवीकडे चालतो. देवनागरीचा डोळा प्रत्येक अक्षराभोवती छोटी प्रदक्षिणा घालतो. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या कामात हे दिसलं, की ऱ्हस्व वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो, कारण तिथे डोळ्याचा आणि कानाचा क्रम जुळत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात देवनागरी वाचणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली, तेव्हा डाव्या बाजूच्या नेहमीच्या वाचनक्षेत्रांबरोबर उजव्या बाजूचा, जागेचं आणि दिशांचं भान ठेवणारा वरचा भागही कामाला लागलेला आढळला. चारही बाजूंनी चिन्हं लागणाऱ्या लिपीकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच.

आता ही लिपी आपण शिकवतो कशी? क ख ग घ ङ पासून. वर्णमालेची रचना ही ध्वनिशास्त्राची देखणी कामगिरी आहे. उच्चार तोंडात कुठे होतो त्यानुसार ओळी लावल्या आहेत. पण ती वाचता येणाऱ्याला कौतुकाने पाहता येईल अशी मांडणी आहे. नवशिक्याला ती पहिल्या दहा व्यंजनांतच ङ आणि ञ देते, जी मराठी मजकुरात महिनोन्‌महिने भेटत नाहीत. आणि ‘म’, ‘र’, ‘ल’, ‘स’ यांची वाट पाहायला लावते, ज्यांच्याशिवाय एक वाक्यही लिहिता येत नाही. त्यावर चौतीस व्यंजनं संपेपर्यंत काना-मात्रा नाहीत. त्यामुळे दोन महिने शिकूनही ‘मगर’, ‘बदक’, ‘कमळ’ यापलीकडे वाचण्यासारखं हाती काही लागत नाही. साठीच्या बाईला बदकात काय रस असणार?

याच्या उलट करून पाहावं. पहिल्या आठवड्यात पाच व्यंजनं आणि एक चिन्ह: क, म, न, र, स आणि काना. एवढ्यात नाक, कान, काम, मका, मान, रान, रस, मासा, काका, मामा, सासर हे सगळे शब्द होतात. यातल्या ‘नाक’ आणि ‘कान’ या जोडीला सोन्याचं मोल आहे. दोन्हींत तीच चिन्हं, फक्त काना कोणाला आणि कोण आधी हे वेगळं. शब्दाचा एकूण आकार पाहून अंदाज बांधणाऱ्याला ही जोडी लगेच अडवते. ‘मका’ आणि ‘काम’, ‘रस’ आणि ‘सर’ याही तशाच. बरोबर वाचायचं तर चिन्हं क्रमाने पाहावीच लागतात, आणि मेंदूतला तो पट्टा नेमका याच सवयीवर घडतो.

दुसऱ्या आठवड्यात त, प, ल, ण आणि दीर्घ वेलांटी. मग पाणी, राणी, माती, ताप, पालक, मामी, कापणी, सातारा. ऱ्हस्व वेलांटी मुद्दाम मागे ठेवायची. दीर्घ वेलांटी व्यंजनानंतर येते, ऐकण्याच्या क्रमाने येते. ती पक्की झाल्यावर ऱ्हस्व दाखवली की फक्त ‘ही डावीकडून येते’ एवढीच एक नवी गोष्ट उरते. दोन्ही एकाच दिवशी दाखवल्या तर पुढची दोन वर्षं अदलाबदल चालू राहते. लिहितानाही तिथेच अडतं: आधी क लिहून होतो, आणि मग वेलांटीला डावीकडे जागाच नसते.

एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात कधीही नाहीत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष, ड आणि ह. ‘फरक समजावा म्हणून शेजारी ठेवू’ हा शिक्षकाचा स्वाभाविक विचार असतो, पण तो उलटा फिरतो. दोन्ही कच्ची असताना शेजारी ठेवली की आठवणीतही ती एकत्र बांधली जातात. आधी एक पूर्ण पक्कं व्हावं, म्हणजे न थांबता तोंडातून यावं, आणि मग दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. त्यानंतर मात्र दोघांना मुद्दाम शेजारी बसवून फरकावर बोट ठेवायचं: ‘भ’च्या आणि ‘ध’च्या डोक्यावरची रेघ तुटते, ‘म’ची आणि ‘घ’ची तुटत नाही.

बाराखडीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. चौतीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे ४०८ रूपं. ही सगळी एकेक करून पाठ करायची म्हटली तर डोंगर आहे. चौतीस अक्षरं आणि अकरा चिन्हं म्हणून शिकली तर पंचेचाळीस गोष्टी आहेत. दुसरा रस्ता उघडच सोपा. मग अडतं कुठे? कानात. ज्याने कधी वाचलेलं नाही त्याला ‘का’ हा एक अखंड आवाज वाटतो. त्यात क् आणि आ असे दोन तुकडे आहेत हे ऐकू येत नाही. १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांवर झालेल्या अभ्यासात हे स्वच्छ दिसलं होतं: शब्दाचा पहिला ध्वनी गाळून उरलेलं म्हणायला सांगितलं तर त्यांना जमत नव्हतं, आणि मोठेपणी वाचायला शिकलेल्यांना जमत होतं. ही समज वाचण्याआधी येत नाही, वाचता वाचता येते. म्हणून दर तासाला पाच मिनिटं पाटीशिवाय फक्त तोंडी खेळ घ्यावा: ‘काम’मधल्या का ऐवजी ना म्हणा, ‘मामा’चे ‘मामी’ करा, ‘राणी’चं ‘पाणी’ करा. मोठ्या माणसांना हे खेळ पोरकट वाटत नाहीत; उखाण्यांत आणि यमकांत आयुष्य गेलेल्या बायका यात फार लवकर पुढे जातात.

बाराखडी सुरात म्हणण्याला विरोध नाही, पण सूर फसवतो. ‘क का कि की कु कू’ धडधडीत म्हणणारी बाई सुटी ‘कू’ दाखवली की पहिल्यापासून म्हणत तिथवर येते. तिच्याकडे क्रम आहे, अक्षर नाही. हे तपासायला पुठ्ठ्याची पत्ती करावी, पत्त्यांसारखी पिसावी, आणि एकेक दाखवावी. दोन सेकंदांत नाव आलं तर एका ढिगात, अडखळली तर दुसऱ्या ढिगात. उद्या दोन्ही ढीग, परवा फक्त दुसरा, चार दिवसांनी पुन्हा दोन्ही, मग दहा दिवसांनी. जे आठवायला थोडं कष्ट पडतात ते जास्त टिकतं. शिक्षकाने लगेच उत्तर सांगितलं की ते कष्ट वाया जातात. पाच सेकंद थांबावं. पाच सेकंद शांत बसणं हे शिकवणाऱ्यासाठी सर्वांत अवघड काम आहे.

गिरवण्याचंही तसंच आहे. आपल्याकडे पाटीवर शिक्षकाने काढलेल्या अक्षरावरून पन्नास वेळा पेन्सिल फिरवून घेतात. कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला: काही अक्षरं मुलांनी स्वतः हाताने काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर मेंदूचं चित्र घेतलं तेव्हा स्वतः काढलेल्या अक्षरांनाच वाचनाच्या जाळ्याने ठळक प्रतिसाद दिला. गिरवताना हात रेघेच्या मागे जातो, पुढे काय येणार हे ठरवावं लागत नाही. स्वतः काढलेलं अक्षर वेडंवाकडं येतं, दर वेळी थोडं वेगळं येतं, आणि या वेगळेपणातूनच मेंदू ठरवतो की ‘क’मध्ये अत्यावश्यक काय आणि वळणाची ऐट कोणती. प्रौढांनाही हे लागू आहे; अरबी अक्षरं शिकणाऱ्या मोठ्या माणसांत लिहून शिकणारे पाहून किंवा टंकून शिकणाऱ्यांपेक्षा लवकर पोचले. तेव्हा तीन-चार वेळा गिरवून वळण कळलं की पाटी पुसायची, अक्षराचं नाव तोंडाने म्हणायचं आणि आठवणीतून काढायचं. मग नमुना उघडून ताडून पाहायचं. पन्नास गिरवण्यांपेक्षा आठवून काढलेली आठ अक्षरं कामाची.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, जी मेंदूची नाही, डोळ्यांची आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसू लागतं आणि साठीत बहुतेकांना चष्म्याशिवाय वाचणं कठीण होतं. ज्या बाईने कधी वाचलंच नाही तिला हे कळलेलंही नसतं. सुईत दोरा नातवाकडून ओवून घेतला की काम भागतं. अशी बाई वर्गात बसते, तिला घ आणि ध सारखेच दिसतात, आणि निष्कर्ष निघतो की डोकं चालत नाही. पहिल्या तासाआधी हातभर अंतरावर जाडजूड आणि बारीक अशी दोन छापील पानं धरून पाहावं. बहुतेकांना साधा वाचनाचा चष्मा पुरतो. पहिले तीन महिने अक्षर बोटाच्या पेराएवढं मोठं असावं, उजेड डाव्या खांद्यावरून यावा, आणि चकचकीत कागद टाळावा.

सही शिकवण्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. अंगठ्याऐवजी सही करता येणं हा मानाचा प्रश्न आहे, तो मान मिळालाच पाहिजे. पण आठवडाभर नाव गिरवून आलेली सही म्हणजे रांगोळीसारखी एक आकृती असते. त्यातलं तिसरं अक्षर सुटं दाखवलं तर ओळखू येत नाही. सही आली म्हणून कोणाला साक्षर म्हणणं, ही त्या माणसाची फसवणूक आहे. सही शिकवावी, आणि त्याच दिवशी ती कात्रीने कापून अक्षरं वेगळी करावीत, उलटसुलट करावीत, पुन्हा जुळवायला द्यावीत.

हाच धोका तोंडपाठ मजकुराला. जात्यावरच्या ओव्या, आरत्या, हरिपाठ हे सगळं ज्यांना मुखोद्गत आहे त्यांना तेच छापून हातात दिलं तर आनंद होतो, आणि तो आनंद द्यावाच. फक्त पाहावं की बोट आणि तोंड बरोबर चालतंय का. बऱ्याचदा तोंड तिसऱ्या ओळीवर असतं आणि बोट दुसऱ्या. अशा वेळी ओळींच्या पट्ट्या कापून क्रम मोडावा, किंवा मधला एक शब्द बदलून ठेवावा. बदललेल्या शब्दाशी ती थबकली, तर ती खरोखर वाचते आहे.

प्रौढाकडे मुलाकडे नसलेली एक मोठी शिदोरी असते: शब्द. ‘मळणी’, ‘सावकार’, ‘वाटणी’ हे शब्द मुलाने जुळवून वाचले तरी अर्थ सांगावा लागतो. बाईने ‘वा-ट-णी’ असं फोडलं की अर्थ स्वतःहून उभा राहतो. इथे मराठीची एक अडचण मात्र आड येते. ‘कमळ’ फोडून वाचताना ती क, म, ळ असं तिन्हींत अ घालून म्हणते. बोलताना शेवटचा अ आपण गिळतो. ‘करवत’मध्ये तर मधलाही गिळतो. तिने म्हटलेलं कानाला ओळखीचं वाटत नाही, म्हणून शब्द सापडत नाही. एकदा सावकाश, एकदा भरभर, आणि मग ‘आता बोलल्यासारखं म्हणा’ अशी तीन पायऱ्यांची सवय लावली की हा अडसर आठ-पंधरा दिवसांत जातो. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा, ‘जाळं’ आणि ‘जीव’ यांतला ज वेगळा, हे मात्र शिकवत बसू नये. ती मराठी बोलते. योग्य च तिचा कानच निवडतो.

जोडाक्षरं शेवटी ठेवण्याची रीत मराठीला परवडत नाही. ‘घराच्या’, ‘आपल्या’, ‘त्या’, ‘म्हणून’ यांच्याशिवाय साधं वाक्य होत नाही. च्या, ल्या, त्या, ण्या, म्ह ही पाच रूपं ङ, ञ, ऋ, ष यांच्या कितीतरी आधी आली पाहिजेत. दांडी काढली की अर्धं अक्षर, एवढा एक नियम त्यांना पुरतो. खरा छळ करतो तो र. ‘क्रम’मध्ये पायाशी तिरकी रेघ, ‘कर्म’मध्ये डोक्यावर आकडी, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपी, ‘वाऱ्यावर’मध्ये अर्धचंद्र. त्यात रफार बसतो पुढच्या अक्षरावर आणि ऐकू येतो त्याच्या आधी. याला एकेक करून, महिन्याला एक रूप, असा वेळ द्यावा.

अक्षरं आली, शब्द आले, तरी काम संपलेलं नसतं. इथेच बहुतेक साक्षरता वर्ग संपतात आणि इथूनच गळती सुरू होते. मनात तात्पुरतं धरून ठेवण्याची जागा फार लहान असते. एका वेळी चारेक गोष्टी, आणि उजळणी न केल्यास पंधरा-वीस सेकंदांत त्या पुसट होतात. मिनिटाला पंधरा शब्द वाचणाऱ्याला दहा शब्दांचं वाक्य संपवायला चाळीस सेकंद लागतात. वाक्याचा कर्ता तोवर निघून गेलेला असतो. हेलन अबाद्झी यांनी प्रौढ साक्षरतेच्या कामातून मांडलेला अंदाज असा, की अर्थ हाती लागायचा तर मिनिटाला निदान ४५ ते ६० शब्दांचा वेग हवा. आणि त्यांचीच दुसरी, जरा कटू मांडणी अशी, की मोठेपणी शिकलेली लिपी मुलांइतकी सहज कधीच होत नाही. उच्चशिक्षित माणूसही परक्या लिपीत वर्षानुवर्षं अडखळत राहतो. मोडी शिकणाऱ्या कोणालाही हे पटेल. म्हणून वेग हा चैनीचा विषय नाही. त्याची वेगळी तालीम लागते.

तालीम अशी: साठ-सत्तर शब्दांचा, शिकलेल्याच अक्षरांतला उतारा. पहिल्यांदा शिक्षकाने बोट ठेवून वाचायचा. मग शिकणारीने एक मिनिट. बरोबर वाचलेले शब्द मोजून तारखेसह वहीत लिहायचे. मग तोच उतारा आणखी तीन वेळा. दुसऱ्या दिवशी त्यातलेच शब्द वेगळ्या वाक्यांत, कारण तोच उतारा पाचव्या दिवशीही दिला तर पुन्हा पाठांतर होतं. रोज वीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. रविवारी एकदम दोन तास बसवण्याने एकूण मिनिटं भरतात, पण शिकलेलं टिकत नाही. मधल्या रात्रींत झोपेत मेंदू दिवसाचं काम पक्कं करतो, आणि रविवारच्या दोन तासांना अशी एकच रात्र मिळते. वीसवरून तीस शब्दांवर जायला फार दिवस लागत नाहीत. तीसवरून पंचेचाळीसवर जाताना आकडा आठवडेच्या आठवडे हलत नाही, आणि नेमक्या तिथेच वर्ग सोडले जातात. वहीतल्या तारखा तिथे कामाला येतात: ‘दिवाळीत किती होते ते पाहा.’

हेच सगळं मोडीला जसंच्या तसं लागू पडतं, काही फरकांसह. मोडीत व्यंजन आणि काना मिळून एकच वळण होतं, त्यामुळे ‘अक्षर अधिक चिन्ह’ हा देवनागरीचा सोपा हिशेब तिथे चालत नाही. रूपंच्या रूपं ओळखावी लागतात, आणि म्हणून इथे बाराखडीची पिसलेली पत्ती अधिकच गरजेची. वेलांटी एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व. तेवढा भार कमी. शब्द कुठे संपतो हे कागद सांगत नाही, ते भाषेने सांगावं लागतं. त्यामुळे जुनी मराठी मोठ्याने वाचून ऐकणं हाही लिपीचाच अभ्यास ठरतो. पहिले कागद निवडताना पत्रं घ्यावीत, आणि तीही एकाच हातची दहा-बारा. लेखणी बदलली की नवशिक्याला लिपीच बदलल्यासारखी वाटते. मायना ठरलेला असतो, ‘राजमान्य राजश्री’पासून ‘विज्ञापना ऐसीजे’पर्यंत, आणि शेवटचं ‘बहुत काय लिहिणे’ही. ही ओळखीची ठिकाणं आधी शोधावीत, त्यातली र, ज, म, श ही वळणं पाटीवर आठवून काढावीत, आणि मग त्याच हाताची तीच वळणं मजकुरात धुंडाळावीत. फसगत इथेही तीच: मायना पाठ असतो म्हणून वाचल्यासारखा वाटतो. मजकुराच्या मध्यातली एक ओळ झाकून सुटी वाचता आली, तरच पुढचं पत्र घ्यावं.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या ८ मार्चला जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपुढच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन दुपारी वर्गात येऊ लागल्या. त्या चित्राचं खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण अशा वर्गातून बाहेर पडणाऱ्या बाईची खरी कसोटी वर्गात नसते. ती एसटी स्टँडवर असते. गाडी वळण घेऊन फलाटाकडे येते, पाटी नीट दिसायला दोन-तीन सेकंद मिळतात, मागून माणसं ढकलत असतात. ‘मुरबाड’ या शब्दात चार अक्षरं, एक उकार, एक काना. पिसलेल्या पत्त्यांत दोन सेकंदांचा नियम का ठेवायचा, तो यासाठी. शेवटच्या महिन्यात वर्ग भिंतीबाहेर न्यावा: पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात तालुक्यातल्या वीस गावांच्या पाट्या लिहाव्यात, एकाने त्या हातात धरून अंगणातून चालत जावं, आणि ओट्यावर बसलेल्या बायांनी गाडी पुढे निघून जाण्याआधी गावाचं नाव ओरडून सांगावं.